रसायनशास्त्रातील प्रारंभिक प्रश्न व सहाध्यायांचे साहाय्य : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात

चार ग्रॅम हायड्रोजन व चार ग्रॅम ऑक्सिजन यांचा संयोग होऊ दिल्यास किती ग्रॅम पाणी तयार होईल, हा प्रश्न महाविद्यालयीन रसायनशास्त्राच्या अगदी आरंभीचा आहे. त्याचे उत्तर साडेचार ग्रॅम. परंतु द्रव्य अक्षय्यतेचा नियम शाळेत मनापासून शिकलेला विद्यार्थी पुष्कळदा ‘आठ ग्रॅम’ असे उत्तर देतो, आणि पाठीशी नियम असल्यामुळे ते निःशंकपणे देतो. शिक्षकांनी हे उत्तर चूक ठरवून फळ्यावर गणित सोडविले, तर तो ते वहीत उतरवून घेतो. त्याच्या मनातील नियमाला मात्र उत्तर मिळालेले नसते.

हाच प्रश्न दोन सहाध्यायांमध्ये निघाला म्हणजे चर्चेस निराळे वळण लागते. ‘आठ’ म्हणणारा सरळ विचारतो, “मग उरलेले साडेतीन ग्रॅम गेले कुठे?” ज्याने रीतीप्रमाणे गणित करून साडेचार हे उत्तर काढले आहे, त्यालाही बहुधा हा प्रश्न पडलेला नसतो. आता त्याला मागे जावे लागते. ऑक्सिजनचा रेणुभार ३२. म्हणजे चार ग्रॅम ऑक्सिजन हा मोलाचा एक अष्टमांश भाग. त्याला दुप्पट, म्हणजे पाव मोल हायड्रोजन लागतो, आणि त्याचे वजन अवघे अर्धा ग्रॅम. उरलेला साडेतीन ग्रॅम हायड्रोजन तसाच राहतो. साडेचार ग्रॅम पाणी आणि साडेतीन ग्रॅम हायड्रोजन मिळून आठ ग्रॅम होतात. नियमही खरा, उत्तरही खरे. आधी संपणारा अभिकारक कोणता, एवढाच मुद्दा सुटला होता. या देवघेवीत शिकविणाऱ्याचा लाभ शिकणाऱ्यापेक्षा कमी झाला, असे म्हणता येणार नाही.

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत अशा देवघेवीला विशेष अर्थ प्राप्त होतो. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. या दोन तालुक्यांत दर दहा व्यक्तींपैकी सुमारे नऊ अनुसूचित जमातींच्या असून वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या त्यांतील प्रमुख जमाती होत. जव्हार येथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे, तर मोखाडा येथे रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. येथील कित्येक विद्यार्थ्यांची घरची बोली वारली किंवा कोकणा असते, शाळा प्रमाण मराठीत होते, आणि अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत सुरू होते. रसायनशास्त्राचा पहिला कठीण भाग समोर येतो, तो नेमका या तिसऱ्या भाषेत. वर्गात उभे राहून शंका विचारायची, तर आधी ती शंका त्या भाषेत रचावी लागते. आणि जी गोष्ट समजलेलीच नाही, तिच्याविषयी परक्या भाषेत नेमके वाक्य रचणे हे उत्तर देण्याहून अवघड असते. वसतिगृहातील खोलीत किंवा एस. टी.ची वाट पाहताना ही अट उरत नाही. तेथे “हे कुठून आलं?” एवढा प्रश्नही पुरतो.

भाषांच्या या उतरंडीत शालेय मराठी परिभाषा केवळ मागे टाकण्याची पायरी आहे, असा समज मात्र बरोबर नाही. आम्लांचेच उदाहरण घेता येईल. इंग्रजीत ‘स्ट्राँग’ हे विशेषण आम्लालाही लागते आणि चहालाही. त्यामुळे ‘स्ट्राँग’ आम्ल म्हणजे ज्यात पाणी कमी ते, असा गैरसमज जगभरच्या विद्यार्थ्यांत आढळतो. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘तीव्र’ व ‘सौम्य’ ही एक जोडी आहे, तर ‘संहत’ व ‘विरल’ ही दुसरी. पहिली जोडी आम्लाचे पाण्यात किती प्रमाणात विचरण होते हे सांगते. दुसरी द्रावणात आम्लाचे प्रमाण किती ते सांगते. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्रच असते आणि संहत ॲसेटिक आम्ल सौम्यच. ज्या विद्यार्थ्याने हे चार शब्द नीट जपले आहेत, तो मित्राचा घोटाळा दोन वाक्यांत सोडवू शकतो. इंग्रजी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याजवळ ही सोय नसते.

दृष्टान्तांचेही तसेच आहे. मोल ही संकल्पना समजावताना विद्यार्थी शेकड्याचा आधार घेतात : आंब्यांचा शेकडा आणि आवळ्यांचा शेकडा यांत नग तेवढेच, वजन निराळे. येथपर्यंत सर्व ठीक. २० मे २०१९ पासून तर हा दृष्टान्त अधिकच चपखल झाला आहे. कारण पूर्वी कार्बन-१२ च्या बारा ग्रॅमवरून ठरणारा मोल आता ६·०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात या निश्चित संख्येनेच ठरतो. (जुन्या पुस्तकातील व्याख्या एकाजवळ आणि नवी दुसऱ्याजवळ असली म्हणजे त्यावरही वाद होतो, आणि तो उपयुक्त असतो.) अडचण येते ती पायलीपाशी. समान तापमान व दाब असता समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, हे ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये मांडले. पण पायलीभर नाचणीत आणि पायलीभर भातात दाणे सारखे नसतात, हे या भागातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मग वायूंचेच असे का? दाणे एकमेकांना टेकलेले असतात, म्हणून पायलीत किती मावतील हे दाण्याच्या आकारावर अवलंबून राहते. वायूत रेणूंमधील अंतर रेणूच्या आकाराच्या मानाने फार मोठे असते, म्हणून रेणू लहान की मोठा याने फारसा फरक पडत नाही. दृष्टान्त जेथे तुटतो तेथेच नियमाचे कारण हाती लागते.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकविण्याची कल्पना जुनी आहे. अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात ती राबविली व १७९७ मध्ये तिचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. तिच्यात मोठा मुलगा धाकट्यांकडून पाठ घोटून घेई. शंकेला तीत फारशी जागा नव्हती. १९९० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात रसायनशास्त्रासाठी जी पद्धती आकारास आली, तिचे तत्त्व याच्या उलट आहे. तो अभ्यासक्रम आधी चांगल्या रीतीने पूर्ण केलेला विद्यार्थी गटासोबत बसतो, परंतु उत्तर सांगत नाही. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कोलोरॅडो विद्यापीठातील आनुवंशिकीच्या वर्गाविषयी प्रसिद्ध झालेला निष्कर्ष त्याहून लक्षणीय आहे. चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाने स्वतंत्रपणे सोडविला, तेव्हा ज्या गटांत प्रारंभी कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते, त्यांतील विद्यार्थ्यांचीही प्रगती दिसून आली. केवळ हुशार मित्राचे अनुकरण असते, तर हे घडले नसते.

याचा अर्थ दोघांचे एकमत झाले की उत्तर बरोबर, असा नव्हे. ‘आठ ग्रॅम’ या उत्तरावर चौघांचे एकमत सहज होऊ शकते. शिवाय साहाय्य आणि प्रयोगवही उतरवून घेणे यांतील सीमारेषा परीक्षा जवळ आली की पुसट होते. म्हणून अध्यापकाचे काम येथे कमी होत नाही, फक्त बदलते : ज्यांची दोन उत्तरे सारखीच पटण्याजोगी असतील, असे प्रश्न त्याने निवडावयाचे. अठरा ग्रॅम पाण्यात रेणू अधिक की चव्वेचाळीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये, हा असा प्रश्न आहे. कार्बन डायऑक्साइडचे सूत्र लिहा, हा नाही. काही गोष्टी मात्र चर्चेवर सोडावयाच्याच नसतात. संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात थोडे थोडे ओतावयाचे, पाणी आम्लात कधीही नाही, हे प्रयोगशाळेत पाऊल टाकण्यापूर्वी अध्यापकानेच प्रत्येकाला त्याला कळेल त्या भाषेत सांगावयाचे असते.