निंबोळीतील घटकद्रव्ये आणि किडींच्या संप्रेरक-नियंत्रित जनुकांचे कार्य : वर्धा जिल्ह्यातील कापूस पिकाच्या संदर्भात

प्रस्तावना :
कापूस हे वर्धा जिल्ह्याचे प्रमुख नगदी पीक असून बोंडअळी हा त्याचा सर्वात मोठा शत्रू आहे. २००२ मध्ये बीटी कापसास मान्यता मिळाल्यानंतर काही वर्षे हा प्रश्न सौम्य झाला होता. परंतु २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात मोठे नुकसान केले. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात रासायनिक फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. या पार्श्वभूमीवर, बांधावरच्या कडुनिंबाची निंबोळी किडीवर नेमके कोणते कार्य करते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

संप्रेरके व जनुके :
अळीची वाढ कात टाकत होते. मेंदूतून निघालेल्या संदेशामुळे वक्षस्थित ग्रंथी एक्डायसोन स्रवतात. हे संप्रेरक १९५४ मध्ये ब्युटेनान्ट व कार्लसन यांनी रेशीमकिड्यापासून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. शरीरात त्याचे क्रियाशील रूप तयार होते व ते पेशीकेंद्रकातील ग्राहक प्रथिनाशी बांधले जाते. त्यानंतर प्रथम काही नियामक जनुके व त्यांच्यामागून नवी त्वचा घडविणारी जनुके कार्यान्वित होतात. दुसरे संप्रेरक म्हणजे बालसंप्रेरक. ते असेपर्यंत कात टाकूनही अळी अळीच राहते. त्याचे प्रमाण घटल्यावर ती कोषावस्थेत जाते.

वनस्पतींचा हस्तक्षेप :
या व्यवस्थेत वनस्पती अनेक मार्गांनी ढवळाढवळ करतात. १९६५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात विशिष्ट कागदावर वाढविलेले ढेकूणवर्गीय कीटक प्रौढच होईनात. कागदाच्या लगद्यातील बाल्सम फर वृक्षाचे द्रव्य बालसंप्रेरकासारखे कार्य करीत होते.

कडुनिंबाचा मार्ग वेगळा आहे. निंबोळीच्या गरातून म्हणजे बीजातून १९६८ मध्ये वेगळे केलेले ॲझाडिरॅक्टिन मेंदूकडून ग्रंथींकडे जाणाऱ्या संदेशाच्या स्रावात अडथळा आणते. परिणामी एक्डायसोनची पातळी योग्य वेळी वाढत नाही व त्यावर अवलंबून असलेल्या जनुकांची साखळी विस्कळीत होते. अळी जुन्या कातेत अडकते, विकृत कोष बनतो किंवा प्रौढ मादीची अंडी घालण्याची क्षमता घटते. येथे जनुकाची रचना बदलत नाही, त्याच्या कार्याची वेळ चुकते, हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. याशिवाय हे द्रव्य भक्षणरोधकही आहे.

व्यावहारिक अर्थ :
निंबोळी अर्काने अळी तत्काळ मरत नाही, म्हणून तो निरुपयोगी आहे, असा समज आढळतो. वास्तविक परिणाम पुढील कात टाकतेवेळी दिसतो. त्यामुळे फवारणी अंडी व लहान अळ्यांच्या अवस्थेतच करावयास हवी. सूर्यप्रकाशात ॲझाडिरॅक्टिनचे विघटन होत असल्याने सायंकाळची वेळ योग्य ठरते. ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवून, गाळून, साबणाच्या द्रावणासह १०० लिटर पाणी केल्यास ५ टक्के अर्क तयार होतो. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर पडतात, तर पाते-फुले नंतर येतात. म्हणून त्या सावलीत वाळवून, बुरशी न लागू देता साठविणे गरजेचे आहे.

मर्यादाही स्पष्ट आहे. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघताच अल्पावधीत पात्यात वा बोंडात शिरते; आत शिरलेल्या अळीपर्यंत अर्क पोहोचत नाही. म्हणून कामगंध सापळे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे आणि फरदड टाळणे यांच्या जोडीनेच त्याचा उपयोग होतो.

निष्कर्ष :
निंबोळी अर्क हे विष नसून प्रामुख्याने किडीच्या वाढीचे वेळापत्रक बिघडविणारे साधन आहे. ते वेळापत्रक ओळखून वापर केल्यास वर्धेच्या कापूस उत्पादकाचा रासायनिक फवारणीवरील खर्च व त्यातील जीविताचा धोका, दोन्ही कमी होऊ शकतात.