स्वस्त चहा का नाकारला?

इ. स. १७७३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्लंडच्या तेरा वसाहती होत्या. तेथे येणाऱ्या चहावर पौंडामागे तीन पेन्स कर असे. त्या वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीला काही सवलती दिल्या. त्यामुळे कर धरूनही तिचा चहा पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता. तरीही वसाहतवाल्यांनी तो नाकारला. असे का? पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. ज्या सभेत आपला शब्द नाही, तिने आपल्यावर कर बसवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. स्वस्त चहा घेणे म्हणजे तो कर मुकाट्याने मान्य करणे होय, हे त्यांनी ओळखले.

१६ डिसेंबरच्या रात्री बोस्टन बंदरात काही लोक तीन जहाजांवर चढले आणि त्यांनी चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या केल्या. इंग्लंडने चिडून १७७४ मध्ये ते बंदरच बंद केले. तेव्हा इतर वसाहती बोस्टनच्या साहाय्यास धावल्या. १७७५ मध्ये युद्ध पेटले. ४ जुलै १७७६ रोजी वसाहतींच्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला आणि १७८३ मध्ये इंग्लंडला ते स्वातंत्र्य मान्य करावे लागले.

पैशाच्या लाभापेक्षा हक्क मोठा, या जाणिवेतून हे राष्ट्र जन्मास आले. त्या हक्कात गुलामांना मात्र वाटा मिळाला नाही. गुलामगिरी तेथे १८६५ पर्यंत टिकली.