मूल्यमापन परिषदेला प्रस्ताव पाठवताय?

निगडी, आकुर्डी, पिंपरीतल्या प्राध्यापक मित्रांनो, तुमच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे! चाकण-भोसरीच्या कारखान्यांत इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्याला गुण नेमके कशाचे द्यायचे, हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे.

२०१४मध्ये भारत अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. तेव्हापासून अभियांत्रिकीत 'विद्यार्थ्याला काय जमलं' याला वजन आलं. एनबीएच्या मानांकनासाठी सीओ-पीओची (विषय आणि पदवीच्या निष्पत्ती जोडणारी) कोष्टकं आपण भरतोच. प्रस्तावाचं बीज त्यातच सापडतं.

👉 प्रश्न एकच आणि नेमका हवा. 'मूल्यमापनातील आव्हाने' फार मोघम झालं. 'कंपनीतला मार्गदर्शक आणि प्राध्यापक एकाच प्रकल्पाला वेगळे गुण का देतात?' हे चालेल.

👉 पुरावा सांगा: रुब्रिक, आधीचे-नंतरचे निकाल, विद्यार्थ्यांचे अभिप्राय. नावं आणि पीआरएन मात्र काढून टाका.

👉 निकाल पाहून तुम्ही शिकवण्यात काय बदललं, ते ठळक लिहा. इथेच बरेच प्रस्ताव लंगडे पडतात.

👉 ऐकणाऱ्याला आपल्या वर्गात काय वापरता येईल, ते एका ओळीत द्या.

👉 शब्दमर्यादा पाळा. परीक्षण निनावी असेल तर मजकुरात कॉलेजचं नाव नको.

मसुदा दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. त्याला एका वाचनात कळला, तर बिनधास्त पाठवा! 🙌