तोरणमाळच्या मुक्कामात वीज गेली कुठे?

२२ जानेवारी २०१९ ची पहाट. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सुमारे ११५० मीटर उंचीवरील तोरणमाळ येथे आम्ही विद्यार्थ्यांसह आकाशदर्शनासाठी मुक्कामी होतो. पूर्वेला शुक्र आणि गुरू एकमेकांच्या जवळ आले होते. दुर्बीण रोखली, मुले रांगेत उभी राहिली, आणि चार वाजता दुर्बिणीची मोटर थांबली. गाडीतील बॅटरीचा पुरवठा तुटला होता. मुलांनी ग्रह पाहिले, पण दुर्बीण सारखी हाताने सरकवत. बॅटरी तर नवी होती आणि घरून पूर्ण भरून आणली होती. मग वीज गेली कुठे?

राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून हा शब्द आपल्याकडे परिचित झाला आहे. विजेच्या तारांपासून दूर उभ्या केलेल्या अशा गाडीत काय किंवा आमच्या साध्या गाडीत काय, हिशेब एकच असतो.

धार आणि हंडा

वॅट म्हणजे नळाची धार आणि वॅट-तास म्हणजे हंड्यात जमलेले पाणी, असे समजू. आमची बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची होती. गुणाकार केला की १२०० वॅट-तास येतात. परंतु शिसे-आम्ल बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर तिच्या पट्ट्या लवकर निकामी होतात. म्हणून निम्मीच वीज वापरायची, या बेताने आम्ही नियंत्रक लावला होता. म्हणजे हाती उरले ६०० वॅट-तास. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीतून सुमारे ८० टक्के वीज काढता येते, पण तिची किंमत जास्त असते.

आता खर्च पाहू. ५ वॅटचे ३ दिवे ५ तास : ७५ वॅट-तास. सहा मोबाइल : ७२. चाळीस वॅटचा लॅपटॉप ४ तास : १६०. बारा वॅटची दुर्बिणीची मोटर संध्याकाळी ४ तास : ४८. बेरीज ३५५. पहाटेसाठी २४५ वॅट-तास उरायला हवे होते, म्हणजे मोटर आणखी वीस तास चालली असती!

चोर सापडला तो इन्व्हर्टरमध्ये. मोबाइल आणि लॅपटॉपसाठी २३० व्होल्ट हवे म्हणून तो आदल्या सकाळी दहाला चालू केला आणि तसाच राहिला. काहीही जोडलेले नसतानाही तो सुमारे १२ वॅट खात होता. अठरा तासांत २१६ वॅट-तास, म्हणजे तिन्ही दिव्यांच्या जवळजवळ तिप्पट! एकूण झाले ५७१. त्यात जानेवारीचा गारठा. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि तिची धारणक्षमता घटते. नियंत्रकाने पुरवठा तोडला तो बरोबरच होता.

सूर्य किती देतो?

पुढे आम्ही गाडीच्या टपावर २०० वॅटचे सौर पॅनेल बसवले. स्वच्छ दिवशी पूर्ण तीव्रतेचे सुमारे ५ तास ऊन धरले तर १००० वॅट-तास होतात, पण प्रत्यक्षात ७०० च्या आसपास मिळतात. पॅनेलवर छापलेले वॅट हे २५ अंश सेल्सिअस तापमानाचे असतात. पुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.४ टक्के घटते. मे महिन्यात नंदुरबारच्या सपाटीवर पॅनेल ६५ अंशांवर गेले, तर १६ टक्के वीज तिथेच गेली. म्हणजे पॅनेलला ऊन हवे, पण उष्णता नको. गाडी झाडाखाली लावावी तर तेही चालत नाही. पॅनेलमधील घट एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका घटावरची सावली साऱ्या ओळीचा प्रवाह रोखते.

उष्णता निर्माण करणारी उपकरणे तर या गाडीतून बादच करावीत. १५०० वॅटच्या किटलीला १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअर प्रवाह ओढावा लागतो. चहा गॅसवरच करावा.

बिलगावचे पंधरा किलोवॅट

याच अक्राणी तालुक्यातील बिलगावच्या लोकांनी हा हिशेब गावाच्या पातळीवर मांडला होता. केरळमधून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने आणि स्वतःच्या श्रमदानाने त्यांनी २००३ मध्ये १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला. कुटुंबे सुमारे ३००, म्हणजे एका घराच्या वाट्याला ५० वॅट. पंधरा घरांनी एक-एक किलोवॅटची शेगडी लावली असती, तर बाकी सारे गाव अंधारात गेले असते. मर्यादित वीज पुरते ती वाटून घेतली तरच. सरदार सरोवराच्या परिसरातील हा प्रकल्प २००६ मध्ये पाण्याखाली गेला, पण त्यामागचा हिशेब बुडालेला नाही.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांना घरातील प्रत्येक उपकरणावरचे वॅट आणि रोजचे तास लिहून आणायला सांगा. नंतर त्यांना ६०० वॅट-तास द्या आणि विचारा : काय ठेवाल, काय सोडाल? आणि बंद दिसणारे पण वीज खाणारे उपकरण कोणते, हे शोधायला विसरू नका. आमची पहाट त्यानेच घालवली होती.