शाळेचं दार उघडलं, पुढे काय?

मैत्रिणींनो, मुलाचं नाव शाळेत घातलं, गणवेश शिवून आणला, वह्यापुस्तकांना कव्हरं घातली, की आपल्याला वाटतं, चला, एक मोठं काम हातावेगळं झालं! पण खरं काम तिथून पुढेच सुरू होतं. मूल वर्गात कुठे बसतं, बाई त्याला नावानं हाक मारतात का, डबा खाताना त्याला कुणी आपल्यात घेतं का, चूक झाली तर समजावतात की बाहेर उभं करतात, यावरच ते मूल शाळेत रमणार की नुसतं जाऊन येणार, हे ठरत असतं.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाला आपल्या कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत हा धडा फार महागात शिकावा लागला आहे, आणि अजूनही तो पुरता गिरवून झालेला नाही. तुमच्यापैकी कितीजणींची मुलं-नातवंडं आज तिकडच्या शाळांत जात असतील. तेव्हा ही हकिगत आपल्याला माहीत असायलाच हवी.

जवळची शाळा आणि दूरची शाळा

१८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या सोयी वेगवेगळ्या असल्या तरी हरकत नाही, त्या समान असल्या म्हणजे झालं, असा त्याचा अर्थ. ‘वेगळ्या’ हे लोकांनी लगेच अमलात आणलं. ‘समान’ मात्र कागदावरच राहिलं!

कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावी लिंडा ब्राऊन नावाची छोटी मुलगी राहत होती. तिच्या घरापासून काही चौकांवरच एक शाळा होती, पण ती गोऱ्यांची. लिंडाला रेल्वेच्या यार्डातून चालत जाऊन बस पकडावी लागे आणि मग दूरची काळ्यांची शाळा गाठावी लागे. १९५० साली तिचे वडील तिचा हात धरून जवळच्या शाळेत गेले. प्रवेश नाकारला गेला. पुढे त्यांनी इतर पालकांबरोबर न्यायालयात दाद मागितली.

व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावची तऱ्हा तर आणखी वाईट. तिथलं काळ्या मुलांचं हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेलं आणि मुलं साडेचारशेच्या वर. जागा पुरेना म्हणून आवारात डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्या उभ्या केल्या होत्या. एप्रिल १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीनं सगळ्या विद्यार्थ्यांना गोळा करून शाळेत संप घडवून आणला. सोळाव्या वर्षी, बरं का! त्या संपातूनही एक खटला उभा राहिला.

असे चार राज्यांतले खटले एकत्र चालले आणि १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की मुलांना रंगावरून वेगळं बसवणं हीच मुळात असमानता आहे.

बाहुल्यांचा प्रयोग

या निकालामागे एका बाईचं मोठं काम आहे. मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांचे पती केनेथ यांनी तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाकी सगळं सारखं, फक्त रंग वेगळा. ‘यातली चांगली बाहुली कोणती? खेळायला कोणती घेशील?’ असं विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवलं. मग ‘यातली तुझ्यासारखी कोणती?’ हा प्रश्न आला, तेव्हा काही मुलं रडू लागली, काही खोली सोडून गेली.

आईच्या काळजाला याहून जास्त काय सांगायला हवं? आपण कमी दर्जाचे आहोत, ही गोष्ट पाटीवर अक्षर गिरवण्याच्या आधीच ती मुलं शिकली होती.

शाळा एक झाल्या, बाई गेल्या

निकाल लागला म्हणून लगेच सगळं बदललं असं मात्र नाही. व्हर्जिनियातल्या त्याच फार्मव्हिलच्या परगण्यानं काळी-गोरी मुलं एकत्र बसवण्यापेक्षा सरकारी शाळांना कुलूपच ठोकलं. १९५९ ते १९६४, तब्बल पाच वर्षं! गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळ्या मुलांची ती वर्षं बुडाली ती बुडालीच. न्यू ऑर्लिन्समध्ये १९६० च्या नोव्हेंबरात सहा वर्षांची रूबी ब्रिजेस सरकारी पहाऱ्यात शाळेत गेली. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. बार्बरा हेन्री या बाईंनी वर्षभर एकट्या रूबीचा वर्ग घेतला. एक बाई आणि एक मुलगी. वर्ग एकत्र झाला म्हणायचा, पण शेजारच्या बाकावर बसायला कुणी नाही!

आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी कुणी सांगत नाही. काळ्या मुलांच्या जुन्या शाळांत वस्तूंची उणीव होती, पण शिक्षक जीव लावणारे होते. मुलांची घरं त्यांना माहीत असत, आयांशी बोलणं असे. शाळा एकत्र करताना बहुतेक ठिकाणी काळ्यांची शाळा बंद झाली आणि तिथल्या बाई-मास्तरांना घरी बसवलं गेलं. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेच्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असं सांगतात. मुलांना नव्या इमारतीत जागा मिळाली, पण त्यांच्या ओळखीचा चेहरा तिथून नाहीसा झाला.

याची भरपाई अजून झालेली नाही. २०१७-१८ साली अमेरिकेच्या सरकारी शाळांत शंभरांतली सुमारे पंधरा मुलं कृष्णवर्णीय होती. शंभर शिक्षकांत मात्र कृष्णवर्णीय सातच. आणि याचा परिणाम होतो, बरं का. टेनेसी राज्यातल्या मुलांची माहिती तपासून २०१८ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की, बालवर्ग ते तिसरी यांत ज्या काळ्या मुलांना निदान एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, ती पुढे कॉलेजात जाण्याचं प्रमाण तेरा टक्क्यांनी जास्त होतं. ‘माझ्यासारखं माणूस टेबलापलीकडे बसू शकतं’ हे लहानपणी दिसणं किती मोलाचं आहे, पाहा!

घरपट्टी आणि फळा

तुम्ही म्हणाल, आता तर कायदा सगळ्यांना सारखा आहे, मग शाळा सारख्या का नाहीत? याचं उत्तर आपल्या घरखर्चाच्या वहीसारखं साधं आहे. अमेरिकेत शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा त्या त्या भागातल्या घरपट्टीतून येतो. जिथं घरं महाग, तिथं शाळेकडे पैसा जास्त. आणि काळ्यांची घरं स्वस्त का? तर १९३० नंतरच्या दशकांत सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगात दाखवून त्या ‘जोखमीच्या’ ठरवल्या गेल्या, आणि तिथं घरासाठी कर्ज मिळणं कठीण झालं. आजोबांना कर्ज नाही, म्हणून नातवाच्या शाळेत प्रयोगशाळा नाही!

१९७३ साली टेक्सासमधल्या गरीब पालकांनी या पद्धतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात, शहरातल्या आणि उपनगरांतल्या शाळा एकत्र करायची सक्ती करता येणार नाही, असा निकाल लागला. म्हणजे दार उघडं, पण दारापर्यंतचा रस्ता बंद.

तीच चूक, शिक्षा वेगळी

आता वर्गाच्या आत या. मी स्वतः एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पन्नास मुलांच्या वर्गात कुणाला दटावायचं आणि कुणाकडे काणाडोळा करायचा, हे क्षणात ठरवावं लागतं. त्या एका क्षणात मनातले जुने ग्रह काम करून जातात.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हेच तपासलं. त्यांनी शिक्षकांना एका मुलाच्या बारीकसारीक खोड्यांची नोंद वाचायला दिली. मजकूर तोच, फक्त काहींच्या कागदावर गोऱ्या मुलांत असतं तसं नाव होतं, तर काहींच्या कागदावर काळ्या मुलांत असतं तसं. पहिल्या खोडीला फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या खोडीला मात्र, नाव काळ्या मुलाचं असेल तर शिक्षकांना ती जास्त खुपली आणि कडक शिक्षा करावीशी वाटली. गोऱ्याची खोडी ती खोडी, काळ्याची खोडी म्हणजे वळणच वाईट!

२०१७-१८ च्या सरकारी आकड्यांत शाळेतून काही दिवस घरी बसवलेल्या मुलांत ३८ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती. एकूण मुलांत त्यांचं प्रमाण पंधराच टक्के, हे लक्षात ठेवा. शिशुवर्गातल्या तीनचार वर्षांच्या पोरांतही हीच कथा. आणि घरी बसवलेलं मूल काय शिकतं? आपण इथले नाही, एवढंच.

केसांवरूनसुद्धा मुलींना परत पाठवलं जाई. दाट कुरळ्या केसांच्या बारीक वेण्या घालणं ही त्यांच्याकडची आईनं लेकीला शिकवायची रीत. शाळेला मात्र तो ‘अव्यवस्थितपणा’ वाटे. अशा केसांवरून भेदभाव करू नये असा कायदा कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये पहिल्यांदा केला आणि नंतर इतरही अनेक राज्यांनी केला.

मॅगीच्या मुलानं काय केलं

हे सगळं वाचून मन खट्टू होतं ना? पण उपायही झालेले आहेत, आणि त्यातला मला सर्वांत आवडलेला सांगते.

मॅगी कोमर नावाची एक बाई होती. दक्षिणेत गरिबीत वाढलेली, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेली, पुढे इंडियाना राज्यात येऊन लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी. तिनं आपल्या पाचही मुलांना कॉलेजात पाठवलं, आणि त्या पाच जणांनी मिळून तेरा पदव्या मिळवल्या! तिचा मुलगा जेम्स कोमर मुलांच्या मनोविकारांचा डॉक्टर झाला. त्याचे तीन बालमित्र त्याच्याइतकेच हुशार. पण एक दारूपायी लवकर गेला, एक तुरुंगात गेला, एकाचं मानसिक संतुलन बिघडलं. ‘मी तरलो, ते का नाही?’ हा प्रश्न डॉक्टरांच्या मनात कायम राहिला.

१९६८ साली त्यांनी न्यू हेवन शहरातल्या दोन शाळा हाती घेतल्या. मुलं बहुतेक सगळी काळी आणि गरीब. शहरातल्या ३३ प्राथमिक शाळांत या दोन अगदी तळाशी. तिथली एक घटना त्यांनी लिहिली आहे. दूरच्या खेड्यातून आलेला आठ वर्षांचा मुलगा वर्गाच्या दारात आला. ‘आणखी एक!’ असा भाव बाईंच्या चेहऱ्यावर उमटला. मुलगा घाबरला, त्यानं बाईंना लाथ मारली आणि पळत सुटला. दुसरीकडे असता तर त्याचं नाव काट्यावर गेलं असतं. इथं मोठ्यांनी एकत्र बसून विचार केला, की या लेकराला काय वाटलं असेल? आणि त्यातून नव्या मुलाचं स्वागत कसं करायचं, सोबतीला कोण द्यायचं, याची रीत ठरली.

त्यांची पद्धत अशी होती: मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि मानसशास्त्र जाणणारी व्यक्ती यांनी एका टेबलाभोवती बसून शाळेचा कारभार ठरवायचा. दोष कुणालाच द्यायचा नाही, अडचण सोडवायची. मतं मोजायची नाहीत, सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं. मुलांना दोन वर्षं एकाच बाईंकडे ठेवायचं, म्हणजे जिव्हाळा जमतो. आणि आयांना भाषणं ऐकायला नाही, तर वर्गात, समारंभात, निर्णयात हात लावायला बोलवायचं. १९८४ च्या सुमारास चौथीच्या परीक्षेत या शाळा शहरात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर आल्या. मुलं तशीच गरीब घरची होती. बदलली होती ती शाळेची वागणूक.

आपलं त्यांच्याशी नातं

हे दूरदेशीचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या जोतिबा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं. आपल्याकडच्या मुलांचं दुःख आणि तिकडच्या मुलांचं दुःख एकाच जातीचं आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आणि आज आपली मुलं तिकडे सुखानं नांदतात, तो १९६५ चा कायदा ज्या वाऱ्यात झाला, तो वारा कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीनं उठवला होता. त्या चळवळीचे आपण ऋणी आहोत.

म्हणून तिकडच्या लेकीसुनांशी फोनवर बोलाल, तेव्हा नातवाच्या गुणांबरोबर एवढंही विचारा. तुमच्या शाळेत कृष्णवर्णीय बाई-मास्तर किती? हुशार मुलांच्या खास वर्गासाठी सगळ्याच मुलांची चाचणी होते, की ज्यांचे आईवडील मागे लागतात त्यांचीच? घरी कुणाला बसवतात, त्याचा हिशेब पालकांसमोर ठेवतात का? वाढदिवसाला वर्गातल्या कुणाला बोलावलंस आणि कुणाला नाही?

शेवटचा प्रश्न जरा बोचेल. पण तो विचारायला न्यायालय लागत नाही, सरकार लागत नाही. आजीनं विचारला तरी पुरतो.