शिसाच्या शिपायाची कैफियत

रविवारी दुपारी जेवणाचे मेज रिकामे झाले की त्यावर हिरवी बनात अंथरून, निळ्या फितीची केळना आणि जुई वाहती करून, मी असईचे रणांगण मांडतो. समोर प्रतिस्पर्धी नसतो. 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंद्यांच्या कवायती कंपूवर चालून आलेला आर्थर वेलस्लीही मीच, आणि कंपूही माझाच.

एकट्याने खेळणाऱ्याची अडचण अशी की, उजव्या हाताचे कारस्थान डाव्या हातास आधीच ठाऊक असते. म्हणून 28 मिलिमीटर उंचीच्या प्रत्येक शिपायास रंग चढविताना मी त्याची कैफियतही एका वहीत लिहितो: नाव, गाव, मुशाहिरा, थकबाकी, वारस, आणि फासा टाकून ठरलेला एक स्वभावविशेष. प्रारंभी मी शौर्यगाथाच रचीत असे. त्या निरुपयोगी ठरल्या. जो सदैव पुढेच धावणार, त्याच्यासाठी फासा टाकायचा कशाला? कर्ज, भय, भाऊबंदकी, यांनीच शिपाई अडतो आणि खेळ चालतो. (1826 मध्ये वडिलांनी आणलेल्या लाकडी शिपायांपैकी एकास पुढे लेखिका झालेल्या शार्लट ब्राँटेने वेलिंग्टन हे नाव दिले आणि भावंडांनी त्या शिपायांभोवती अख्खी राज्ये रचली, तो वेलिंग्टन म्हणजे असईचाच हा वेलस्ली!)

गेल्या रविवारी गणू गोलंदाजाची पाळी आली. स्वभाव हट्टी, पगार चार महिने थकलेला. असईस शिंद्यांच्या काही गोलंदाजांनी मेल्याचे सोंग घेतले आणि इंग्रजांची फळी पुढे सरकताच तिच्या पाठीवर तोफा डागल्या, हे इतिहासप्रसिद्ध आहे. तेव्हा गणूलाही मी तोफेशेजारी आडवा ठेवला. परंतु तो जिवंत आहे हे वेलस्ली या नात्याने मला पक्के ठाऊक, आणि संगीन चालविण्याची मुखत्यारीही माझीच! अशा वेळी निवाडा कैफियतीने करावयाचा. हट्टी माणसाने चार वा अधिक पडल्यास उठावे, असा माझा कायदा. मात्र थकबाकीपोटी एक वजा, कारण चार महिने उपाशी ठेवणाऱ्या दौलतीसाठी कोणी कितपत उठावे? पाच पडले. गणू उठला, तोफ फिरली, इंग्रजी फळीतले तीन शिपाई कोसळले, आणि पुढच्याच खेपेस घोडदळाने त्याला कापून काढले.

वहीत नोंद केली: गणू गोलंदाज, कामी आला, येणे बाकी, चार महिन्यांचा मुशाहिरा. वारसाचा रकाना रंगकामाच्या नादात भरावयाचा राहिला होता. तो अजून कोराच आहे.