अक्षर बारीक की नजर?

चाळिशी ओलांडलेला माणूस मोबाइल हळूहळू लांब धरून वाचू लागला, की घरातले म्हणतात, ‘आता चष्मा लावा.’ सल्ला योग्यच असतो. मात्र चष्मा लावूनही काही संकेतस्थळे वाचताना डोळे शिणतात आणि काही सहज वाचून होतात. हा फरक अक्षरांच्या मांडणीचा असतो.

जवळचे पाहताना डोळ्यातले भिंग फुगीर व्हावे लागते. वयानुसार ते ताठर होत जाते आणि साधारण चाळिशीनंतर जवळची अक्षरे धूसर दिसू लागतात. पुढे भिंग पिवळसर होते, बाहुली लहान राहते आणि दृष्टिपटलापर्यंत कमी प्रकाश पोहोचतो. त्यामुळे पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे विशीतल्या वाचकाला दिसतात, पण साठीतल्या वाचकाला ती पुसट वाटतात. मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर अडचण आणखी वाढते. त्यातच पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, डोळे कोरडे पडतात आणि बारीक अक्षरांचा त्रास दुप्पट वाटतो.

देवनागरीचे प्रश्न थोडे वेगळे आहेत. इंग्रजी अक्षरांचा आकार १६ पिक्सेल ठेवला, तर ती बहुतेकांना वाचता येतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. या साऱ्यांना त्याच उंचीत बसवायचे, म्हणजे मूळ अक्षर लहान करावे लागते. म्हणून त्याच आकड्यात मराठी मजकूर बारीक दिसतो. तो १८ ते २० पिक्सेल ठेवला आणि ओळींमधले अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकत नाही.

इंग्रजीसाठी योग्य असलेले सगळेच उपाय मराठीला चालत नाहीत. अक्षरांमधली जागा वाढवली की इंग्रजी मोकळी दिसते. देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा आकारच हरवतो. फार ठळक ठशात ‘ष’, ‘क्ष’सारख्या अक्षरांतली पोकळी बुजते, तर फार बारीक रेषेचा ठसा उजेडात दिसेनासा होतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्या एका छोट्या गाठीने किंवा रेषेने वेगळ्या होतात. १ आणि ९ यांचेही तसेच. तपासणीची वेळ किंवा गोळ्यांची संख्या वाचताना ही चूक महागात पडू शकते.

चांगल्या ठशांची आता उणीव नाही. प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ अनेक वर्षे संगणकांवर होता. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ आणि गुगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे विनामूल्य मिळतात. निवडताना मराठी वळणाचे ल आणि श, तसेच ‘वाऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र नीट उमटतो का, हे पाहावे. सजावटीचा ठसा शीर्षकापुरता ठेवावा.

संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी जगभर मान्य असलेले निकष आहेत. त्यांनुसार साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचे ते २१ : १ असते. मजकूर दुप्पट मोठा केला, तरी पान मोडता कामा नये. आपल्याकडच्या अनेक सरकारी संकेतस्थळांवर कोपऱ्यात ‘अ’ लहान-मोठा करण्याची बटणे दिसतात, ती याच विचारातून आली. पण सूचनाच चित्ररूपात टाकली, तर ही बटणे निरुपयोगी ठरतात. चित्र मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचकाला प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालींनाही असे चित्र सहसा नीट वाचता येत नाही. निकाल, योजना, लसीकरण यांची माहिती देणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

वाचक म्हणून आपण काय करावे? मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले’त जाऊन अक्षरांचा आकार एक-दोन पायऱ्यांनी वाढवा. घरातल्या ज्येष्ठांचा मोबाइलही एकदा तसा लावून द्या. संगणकावर कंट्रोल आणि अधिकचे बटण एकत्र दाबले की पान मोठे होते. बऱ्याच ब्राउझरमध्ये ‘रीडर’ची सोय असते. ती जाहिराती आणि रंग बाजूला सारून नुसता मजकूर दाखवते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे काहींना सुखावतात. ज्यांच्या चष्म्याला तिरका नंबर असतो, त्यांना मात्र ती पसरलेली दिसू शकतात. आपल्याला जे सोसते तेच ठेवावे. दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर उचलून काही क्षण लांब पाहावे.

मात्र अक्षरे मोठी करून डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नये. एका डोळ्याने अचानक कमी दिसू लागले, सरळ ओळी वाकड्या दिसल्या किंवा दिव्यांभोवती वलये दिसली, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मधुमेह असेल, तर तक्रार नसली तरी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे.